सुई की मऊ नळी

"सिस्टर, सगळ्यात चांगला सेट कुठला?" हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय, की आता मासळी बाजारात कुणी सगळ्यात चांगलं पापलेट कुठलं विचारलं तरी माझ्या कपाळावर आठी चढते. चांगला सेट असा नसतो. ज्याच्या अंगावर जो टिकतो तो त्याचा चांगला, आणि तोही पुढच्या महिन्यात टिकेल अशी हमी कुणी देऊ नये. मी रत्नागिरीत मधुमेहाच्या एका डॉक्टरांकडे नोकरी केली. आधी इंजेक्शनं द्यायला होते, मग पथ्य समजावायला बसवलं, आणि आपल्याकडे इन्सुलिनचे पंप यायला लागले तसं पंप वापरायला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा द्यायला लावला. डॉक्टरांनी शाल दिली, नारळ दिला आणि भाषणात म्हणाले की सिस्टरांनी कितीतरी आयुष्यं वाचवली. मी मान खाली घालून ऐकत होते. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच बाई होती आणि तिचं नाव भाषणात येणार नव्हतं.

पंप म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पंप म्हटलं की आपल्याकडे विहिरीवरचाच आठवतो. काही माणसांच्या शरीरात इन्सुलिन मुळीच तयार होत नाही. लहानपणीच हा आजार जडतो आणि मग जन्मभर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागतं. दिवसातून अनेकदा टोचून घ्यायचं, नाहीतर पंप लावायचा. पंप जुन्या छोट्या मोबाईलएवढा असतो. त्यात इन्सुलिन भरतात आणि तो ते थेंबाथेंबाने रात्रंदिवस सोडत राहतो. पंपातून एक बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला जे अंगाला चिकटतं आणि कातडीखाली शिरतं, तो सेट.

लोकांना पंपाचं कौतुक. त्याचा रंग, त्याचा पडदा, त्याची बटणं. पण पंप कितीही भारी घेतलात तरी इन्सुलिन अंगात जायचं ते त्या सेटमधून. सेट सुटला, आत मुरडला, त्यात हवेचा बुडबुडा अडकला, की पंप आपला इमानाने आवाज करत थेंब सोडतोय आणि थेंब जातायत साडीच्या निऱ्यांत. ज्याला टोचून घ्यायची सवय असते त्याच्या अंगात लांब पल्ल्याचं इन्सुलिन शिल्लक असतं, एखादी वेळ चुकली तरी निभावतं. पंपवाल्याच्या अंगात शिल्लक काही नसतं. पंप थांबला की थोड्या तासांत रक्त आंबायला लागतं, उलट्या सुरू होतात, श्वास जोरजोरात चालतो. हे मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायची. माणसं मान डोलवायची आणि विचारायची, "अंघोळीच्या वेळी काढता येतो ना?"

सेट मुख्यतः दोन जातीचे. एकात मऊ नळी असते. ती आत घालायला सुई लागते, पण सुई लगेच मागे ओढून काढायची आणि आत फक्त भाताच्या कोंबासारखी मऊ नळी राहते. लावल्यावर विसरायला होतं इतका आरामाचा. पण मऊ म्हणजे वाकणारी. बारीक अंगाच्या माणसाची नळी आत मुरडते आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. दुसऱ्या जातीत बारीकशी पोलादी सुईच आत राहते. ती मुरडत नाही, भरवशाची. पण ती जरा टोचते, काहींना लाल पुरळ येतो, आणि ती लवकर बदलावी लागते. म्हणजे आराम हवा असेल तर भरवसा थोडा कमी करा, भरवसा हवा असेल तर आराम कमी करा. नोकरीभर मी लोकांना हा एकच हिशेब समजावत आले.

त्यात आपली हवा. ज्या देशांत हे सेट बनतात तिथे माणसांना घाम येत नसावा. खेडला स्टेशनजवळ दुकान असलेले एक गृहस्थ होते. अंगाने भरदार, छातीपोटावर केसांचं रान आणि घाम असा की सदरा पिळावा. त्यांचा सेट दुपारपर्यंत सुटून लोंबायचा. मी सांगितलं, केस काढा, जागा कोरडी करा, मग लावा. पुढच्या खेपेला आले ते पोट धरूनच. दुकानात खोकी बंद करायची खाकी चिकटपट्टी असते ना, ती पोटावरून पाठीवर आणि पाठीवरून पोटावर गुंडाळली होती. "आता सुटतो कसा बघू," असं म्हणून गुंडाळली म्हणे. ती काढायला मला आणि आमच्या शिपाईबाईला दोघींना लागावं लागलं, आणि पट्टीबरोबर त्यांची कातडीही थोडी आली. गृहस्थ ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "सेट मात्र सुटला नव्हता हां सिस्टर."

दुसरे अंजनवेलच्या बाजूला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. सगळं इंटरनेटवर वाचून आलेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला नळी किती अंशात आत गेली पाहिजे ते समजावलं. त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं. त्यांनी तिरका जाणारा, सगळ्यात आरामाचा सेट निवडला, लांबच लांब नळीचा. आणि घरी पहिल्याच दिवशी ती लांब नळी माजघराच्या दाराच्या कडीत अडकली. साहेब पुढे गेले, सेट कडीला राहिला. मला फोनवर म्हणाले, कडीचा उल्लेख कुठेच नव्हता. मी म्हटलं, नसणारच, ते लोक दाराला कडी लावत नसतील.

असे प्रसंग सांगितले की लोक हसतात, मीही हसते. पण मनातून मला या कामाची धास्ती असायची. दवाखान्यात आलेलं माणूस मी तासभर बघणार, उरलेला वेळ ते माझ्या डोळ्यांआड. त्याच्या घराची कडी मला दिसत नाही.

रेश्मा नाटे गावची. समुद्राच्या काठाचं घर, नवरा बोटीवर, परदेशी जहाजावर खलाशी. घरात ती आणि सासू. रेश्माला शाळकरी वयापासून इन्सुलिन चालू होतं. लग्न करताना तिच्या वडिलांनी हे लपवलं नाही आणि सासरच्यांनी तरी केलं, ही गोष्ट मला त्या घराविषयी पहिल्यापासून बरं वाटायला लावणारी होती. सासूबाई माझ्याच वयाच्या, उंच, काटक. मी त्यांना वैनी म्हणायची. दर वेळी येताना माझ्यासाठी सुकटीचं पुडकं आणायच्या आणि शिपाईबाईसाठी वेगळं.

रेश्माला एकदा दिवस राहिले होते आणि चौथ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा ती टोचून घेत होती, साखर वरखाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की पुन्हा दिवस राहायच्या आधीपासून साखर ताब्यात हवी, म्हणून पंप लावू. नवऱ्याने बोटीवरून होकार कळवला. पंप आला. साखर उतरली. नवरा सुटीवर येऊन गेला आणि दिवस राहिले.

दिवस राहिल्यावर आमची परीक्षा सुरू झाली. रेश्मा अंगाने काडी. तिला मऊ नळीचा सेट होता आणि तो दर थोड्या दिवसांनी मुरडायचा. काम सगळं उकिडवं बसून. मासे साफ करायचे, अंगण सारवायचं, चुलीपुढे बसायचं. उकिडवं बसलं की पोटाला वळी पडते आणि वळीत नळी दुमडते. साखर एकदम चढायची, ती घाबरून फोन करायची, मी सांगायची की सेट बदल, आणि बदलल्यावर उतरायची. एकदा तर दुपारभर इन्सुलिन गेलंच नव्हतं. डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, हे असं चालणार नाही. गरोदर बाईचं रक्त फार लवकर आंबतं. मुलाला सोसायचं नाही." मीच म्हटलं, सुईवाला लावू.

त्या दोघींना समोर बसवून मी सुईवाला सेट दाखवला. वैनींनी तो हातात घेतला, उजेडात धरला, परत टेबलावर ठेवला.

"ही सुई आत रवणार? काढायची नाय?"

"दोन दिवसांनी काढायची आणि दुसरी लावायची. आणि वैनी, केवढीशी आहे बघा. कातडीच्या खाली जेमतेम जाते."

"पोरीच्या पोटात पोर हाय ओ सिस्टर. पोटाला सुई नको."

मी पोटाचं चित्र काढून दाखवलं. कातडी कुठे, चरबी कुठे, पिशवी कुठे, बाळ कुठे. सुई बाळापासून किती लांब राहते ते बोटांनी दाखवलं. वैनी चित्राकडे बघत होत्या, पण चित्र त्यांच्या आत जात नव्हतं. शेवटी मी माझ्या बाहीचं टोक वर केलं आणि स्वतःच्या दंडाला एक सेट लावून घेतला. इन्सुलिन नाही, नुसता सेट. "हा मी दोन दिवस ठेवते. मला काही झालं तर लावू नका," म्हटलं. हे मी बऱ्याच जणांपुढे केलंय, दुकानदाराने स्वतः खाऊन आंबा दाखवावा तसं. रेश्मा हसली. वैनी हसल्या नाहीत, पण म्हणाल्या, "मांडीला लावा मग. पोट सोडा."

मांडीला चालतं. इन्सुलिन जरा सावकाश भिनतं, पण चालतं. मी मांडीच्या वरच्या बाहेरच्या बाजूला लावायला शिकवलं. रेश्मा हुशार. एकदा दाखवलं की हात बसला. खोबरेल लावलेल्या कातडीला सेट चिकटत नाही हे तिला सांगावंही लागलं नाही, ते तिने आधीच ओळखलं होतं आणि सासूला मांडीला तेल लावू देत नव्हती. लाल पुरळ आला नाही. नळी मुरडायचा प्रश्न उरला नाही. साखरेचे आकडे असे यायला लागले की डॉक्टर दुसऱ्या पेशंटना दाखवायचे. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली, बाळ वाढीला व्यवस्थित होतं. वैनी त्या दिवशी सुकटीऐवजी ओल्या काजूच्या बियांची भाजी घेऊन आल्या होत्या, कुठून मिळवल्या देव जाणे, दिवस काजूचे नव्हते. मला खूप बरं वाटलं. आपलं कसब कुणाच्या तरी उपयोगी पडलं असं वाटण्यासारखे दिवस या धंद्यात फार येत नाहीत.

त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. मावळतीचं होतं, ग्रहण लागलेला सूर्यच समुद्रात बुडणार होता. आमच्या दवाखान्याला दिवाळीची सुट्टी होती. मी घरी करंज्या तळत नव्हते, कारण ग्रहण होतं. माझी आई असती तर तिने मला तळू दिल्या नसत्या आणि तिची आठवण म्हणून मीही ते पाळते. सांगायचं एवढंच, की मी काही या गोष्टींच्या बाहेरची नाही. लहानपणी आमच्या शेजारची एक गरोदर बाई ग्रहणात दार लावून सरळ पडून राहायची, हात छातीवर घेऊन. विळी धरायची नाही, कातर धरायची नाही, सुई तर नाहीच, नाहीतर मुलात व्यंग निघतं. हे मला माहीत होतं. रत्नागिरी जिल्ह्यात कुठल्या बाईला माहीत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनींचा फोन आला.

"सिस्टर, रेश्मा उठत नाय. अंघोळीला बसवली तर अंगावरच कलंडली. वकते सारकी, पोटात कायबी ठरत नाय."

मी पहिलाच प्रश्न विचारला तो नेहमीचा. "पंप चालू आहे ना?"

"पंप पेटीत हाय. काल फाटेपासनं, उजाडायच्या आदीच काढून ठेवलाय."

मी विचारलं, का काढला. वैनी म्हणाल्या, "ग्रहाण होतं ना ओ. सुई अंगात कशी ठेवायची?" आणि लगेच घाईने, मला धीर द्यावा तशा, "आता सुटलं. सूर्य बघितला. आता लावतंय मी, तुमी सांगा कसा लावायचा."

मी त्यांना अडीनडीला घरात ठेवलेल्या इन्सुलिनच्या पेनने, म्हणजे पेनासारख्या इंजेक्शनने, टोचायला लावलं, किती ते सांगितलं, आणि म्हटलं, असेल त्या गाडीत घाला आणि रत्नागिरी गाठा. कुणाची तरी मासळीची गाडी मिळाली. आडिवरे, पूर्णगड, पावस करत त्या दोघी पोचेपर्यंत मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते. गाडीतून रेश्माला उतरवलं तेव्हा तिचा श्वास भात्यासारखा चालत होता आणि तोंडाला तो वास होता, फार पिकलेल्या फळासारखा. तो वास मला अनोळखी नाही. डोळे उघडे होते पण ते माझ्यावर थांबत नव्हते.

आत त्यांनी सलाईन लावलं, इन्सुलिनचा ड्रिप लावला. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. तिथे वैनींनी मला सगळं सांगितलं. कुणी त्यांना गुन्हेगार समजावं म्हणून मी हे लिहीत नाही.

वेध पहाटेपासून लागत होते. गरोदर बाईला वेधात सूट असते, पण रेश्मानेच सूट नको म्हटलं. मागच्या खेपेला, चौथ्या महिन्यात, असंच एक ग्रहण पडलं होतं आणि त्या दिवशी तिने विसरून विळीवर भाजी चिरली होती. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ते गेलं. डॉक्टर म्हणाले साखरेमुळे गेलं. घरच्यांनी ते ऐकून घेतलं, नाही म्हटलं नाही. पण विळीही कुणाच्या मनातून गेली नाही, रेश्माच्या तर नाहीच. या खेपेला तिने आदल्या दिवशीपासून जपायचं ठरवलं. पहाटे उठून तिने नीट, मी शिकवलं तसा, पंप थांबवला, मांडीची सुई काढली, जागा पुसली. दिवसभर ती पाण्याचा थेंब न घेता पडून होती. टोचून घ्यायची सुईही सुईच, बोटाला टोचून साखर बघायची तीही सुईच. तेव्हा ना इन्सुलिन, ना तपासणी. आणि दोघींनी आपापसात असाही विचार केला होता, की पोरगी जेवणारच नाही, मग साखर वाढणार कशाने?

हा विचार मी नोकरीभर लोकांच्या डोक्यातून काढत आले. जेवण नसलं तरी इन्सुलिन लागतं, माणूस झोपलेलं असलं तरी लागतं. रेश्माला हे पाठ होतं. पण तिच्या पोटात मूल होतं आणि एक आधी गेलेलं होतं.

संध्याकाळी सूर्य ग्रहणातच बुडाला. भावकीतल्या कुणीतरी सांगितलं, की असं झालं तर शुद्ध बिंब दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसणार, तोवर ग्रहण सुटलं म्हणता येत नाही. म्हणून ती रात्रही तशीच गेली. उलट्या सुरू झाल्या तेव्हा त्यांना वाटलं, उपासाचं पित्त झालं.

मी विचारलं, "मला फोन का नाही केलात?"

वैनी म्हणाल्या, "मी म्हनत होते, सिस्टरना विचारू. तीच नको म्हनाली. म्हनाली, त्या काढू नको म्हनतील, मग माजं मन रवायचं नाय."

मग त्यांनी पिशवी उघडली आणि पंपाची पेटी माझ्या मांडीवर ठेवली. पेटीत पंप रुमालात गुंडाळलेला होता, शेजारी नवा सुईचा सेट न उघडलेला, आणि इन्सुलिनची बाटली बर्फाच्या पिशवीत घालून आणलेली. बाटलीच्या बुचावर तुळशीचं पान होतं. ग्रहणात दुधावर, लोणच्यावर, पाण्याच्या कळशीवर ठेवतात तसं त्यांनी ते इन्सुलिनवरही ठेवलं होतं, ते खराब होऊ नये म्हणून. इन्सुलिनची इतकी काळजी घेतलेली मी आयुष्यात दुसरीकडे पाहिलेली नाही. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना.

"लावा ना आता सिस्टर," वैनी म्हणाल्या. "आता काय अडचण नाय."

सोनोग्राफीवाल्या डॉक्टर बाहेर आल्या आणि बाळाचे ठोके लागत नाहीत म्हणाल्या. सातवा लागला होता. मुलगा होता. रेश्मा वाचली. दोन दिवसांनी, पूर्ण शुद्धीवर असताना, तिला त्या मुलाला जन्म द्यावा लागला.

आमच्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "सिस्टर, तुमची काहीही चूक नाही. सुईवाला सेटच बरोबर होता. मीही तोच दिला असता." ते खरं आहे. पुस्तकाप्रमाणे तोच बरोबर होता. पण मऊ नळी असती तर त्यांनी ती काढली असती का? नळी प्लास्टिकची, तिला कोण सुई म्हणणार? ती अंगात राहिली असती. ग्रहण येऊन गेलं असतं आणि साखर जरा वरखाली होऊन मूल जगलं असतं. किंवा त्याच्या आधीच कधीतरी दुपारी चुलीपुढे नळी मुरडली असती आणि तेव्हाच सगळं संपलं असतं. मी रात्ररात्र हेच उलटसुलट करत बसले. अजून करते. सुईला बाळ सांभाळायला आणलं ते मीच, आणि ती सुई आहे म्हणून काढली गेली. यातून काय शिकायचं ते मला अजून कळलेलं नाही. पुढे मी नव्या माणसांना उपास, तीर्थ, अंघोळ, सुतक, ग्रहण सगळं विचारायला लागले. त्यातून कुणाचं काही वाचलं असेल तर मला माहीत नाही. मला एवढंच वाटतं, की मी विचारायच्या यादीत आणखी काही घालीन आणि माणसं त्या यादीबाहेरच्या कशानेतरी मरतील.

बाराव्या-तेराव्या दिवसानंतर कधीतरी वैनी एकट्याच आल्या, दवाखान्यात नाही, माझ्या घरी. ओसरीवर बसल्या. चहा घेतला नाही. मग म्हणाल्या, "मागल्या येळेला इळी धरली म्हनून गेलं. ह्या येळेला सुई काढली म्हनून गेलं. सिस्टर, मग आमी करायचं काय? तुमी शिकलेल्या, तुमी सांगा."

मला सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं. मागच्या वेळी विळीने गेलं नव्हतं, हे सांगता आलं असतं. पण ते ऐकल्यावर त्यांच्याजवळ काय उरलं असतं? या वेळचं त्यांच्याच हाताने गेलं, एवढंच. त्या उठल्या, पिशवीतून सुकटीचं पुडकं काढून पायरीवर ठेवलं आणि गेल्या. ते मी खाऊ शकले नाही.

रेश्मा महिन्याभराने आली. मधल्या दिवसांत हॉस्पिटलवाल्यांनी तिला पुन्हा पेनवर ठेवलं होतं, आता डॉक्टरांनी पंप लावायला सांगितलं होतं. मूल गेलं म्हणून इन्सुलिन थांबत नाही, तेही रोज लागतंच. नवरा बोटीवरून सुटी मिळवून आला होता आणि बाहेर बाकावर वाट बघत होता. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली. अंगाने आणखी उतरली होती. दूध सुकवायला बांधलेला पट्टा ब्लाउजखालून दिसत होता, इतक्या दिवसांनीही तिने तो सोडला नव्हता.

डॉक्टरांनी आतून सांगून ठेवलं होतं, की आता सक्ती नाही, तिला जो आरामाचा वाटेल तो लावा. मी दोन्ही सेट टेबलावर ठेवले. पहिल्या भेटीला सांगते तसं सगळं सांगायला लागले. हा मऊ नळीचा, हा लावल्यावर कळत नाही, पण तुझ्या अंगाला मुरडू शकतो. हा सुईचा, हा जरा टोचतो. मध्येच माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबले.

"कुठला लावू?" मी विचारलं.

"सुईचाच," रेश्मा म्हणाली. "आता ग्रहनात तो कदी काढायला लागायचा नाय."

मी सेट फोडला, नळीत इन्सुलिन भरलं, टोकाला थेंब आलेला पाहिला. कापूस घेतला आणि सवयीने तिच्या मांडीकडे वाकले. तिने माझा हात धरला. मग साडीचा पदर बाजूला केला आणि निऱ्या जरा खाली सरकवल्या.

"पोटावर लावा सिस्टर," ती म्हणाली. "आता पोटावर लावलात तरी चालंल."